भिंतीपाशी तीन सूत

डेक टाइलच्या खोक्यावर जे चित्र छापलेलं असतं, त्यातली गॅलरी अगदी काटकोनी असते आणि लाकडी फरशी चारही बाजूंनी भिंतीला घट्ट भिडलेली असते. ते चित्र पाहूनच लोक टाइल्स मागवतात आणि तशीच भिडलेली फरशी त्यांना हवी असते. मी अमरावती आणि अकोला या दोन शहरांत हे काम करतो. आपल्या वऱ्हाडात ती तशी भिडवून चालत नाही, हे जवळजवळ प्रत्येक घरी सुरुवातीलाच सांगावं लागतं. कित्येकदा लाकूड कापण्यापेक्षा हे समजावण्यातच जास्त वेळ जातो.

टाइल तशी साधी वस्तू आहे. साधारण १२ इंच बाय १२ इंचाचा चौरस, वर लाकडाच्या चार किंवा सहा पट्ट्या, खाली प्लास्टिकची जाळी. जाळीला बारीक पाय असतात, त्यामुळे पाणी खालून वाहून जातं. कडांना कान आणि खाचा असतात; एकीचा कान दुसरीच्या खाचेत दाबला की टाइल बसली. सिमेंट नको, गोंद नको. भाड्याच्या घरातही लावता येते आणि घर सोडताना उचलून नेता येते. अख्ख्या टाइल्स बसवायला सुतार लागतच नाही, उन्हाळ्याच्या सुटीत घरातली मुलंही त्या लावून टाकतात. मला बोलावतात ते शेवटच्या ओळीसाठी. तिथे अख्खी टाइल मावत नाही, आणि जागा मोकळी सोडली तर खुपते. शिवाय पावसाच्या पाण्याचा पाइप असतो, रेलिंगचे खांब असतात, नहाणीची जाळी असते, कुलरचा लोखंडी स्टँड असतो. या सगळ्यांभोवती लाकूड कापून बसवायचं, एवढंच माझं काम.

मी मूळचा परतवाड्याचा, सुताराच्या घरातला. मेळघाटचा साग परतवाड्याच्या डेपोत उतरतो, वनखात्याच्या लिलावात विकला जातो. नगावर हातोड्याचा शिक्का असतो आणि तो हलवायचा तर वाहतूक परवाना लागतो. वडील लाकूड घेताना आधी त्याचं तोंड बघायचे, म्हणजे कापलेलं टोक. मधला गाभा किती आणि कडेचं पांढरं किती, यावर त्यांचा भाव ठरायचा. सागाचा गाभा तेलकट असतो, त्याला पाणी आणि उधई सहजासहजी धरत नाही. पांढऱ्याचं तसं नाही, उघड्यावर ते थोड्याच पावसाळ्यांत मऊ पडतं. टाइलच्या पट्ट्या घेतानाही मी हेच बघतो. खोक्यावर ‘टीक’ लिहिलं आहे म्हणून भागत नाही. पट्टी उलटी करून कडेला पिवळट पांढरी पट्टी आहे का, ते पाहावं लागतं. हल्ली बाजारात येणाऱ्या बऱ्याच टाइल्स व्हिएतनाममधून आलेल्या, अकेशियाच्या असतात. अकेशिया हे आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड. बाभळीच्या लाकडानं इकडच्या बैलगाड्यांची चाकं पिढ्यान्‌पिढ्या पेलली आहेत, त्यामुळे त्या लाकडाला मी हलकं म्हणणार नाही. पण ते सागाइतकं शांत नाही. हवा बदलली की जास्त हलतं.

काम मापापासून सुरू होतं, आणि गॅलरी गुनियात, म्हणजे काटकोनात, आहे असं मी कधीच धरत नाही. प्लॉट तिरका असतो, गिलाव्याचा थर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतो, काळ्या मातीवरचं घर असेल तर भिंतीला आलेल्या तड्यांवर पुन्हा पुन्हा गिलावा चढलेला असतो. दोन्ही कर्ण मोजले की खरं काय ते कळतं. कर्णांत दोन इंचांचा फरक असला तर शेवटच्या ओळीतला प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा निघणार, म्हणून एकच माप घेऊन ओळीनं तुकडे कापत सुटायचं नाही. दर टाइलपाशी दोन मापं घ्यायची, भिंतीपासून वरच्या कडेपर्यंत आणि खालच्या कडेपर्यंत, आणि खडूनं त्या-त्या जागीच जमिनीवर लिहून ठेवायची.

एक हिशेब सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. गॅलरी ४ फूट ७ इंच रुंद आहे, म्हणजे ५५ इंच. चार टाइल्स ४८ इंच खातात, उरले सात. पहिल्यांदा काम करणारा सात इंचाचा तुकडा कापायला घेतो. चार पट्ट्यांच्या टाइलमध्ये एकेक पट्टी पावणेतीन इंचाची आणि मधली फट पाव इंचाची असते. सात इंचाचा तुकडा काढायचा तर तिसरी पट्टी लांबीत चिरावी लागते, आणि हाती येते इंचभर रुंदीची चीप. तिला खालून धरायला स्क्रूही धड बसत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात ती सुटते. मी टाइल दोन पट्ट्यांवर तोडतो. लाकडाला करवत लावायचीच नाही, फक्त दोन पट्ट्यांमधल्या फटीतून प्लास्टिकची जाळी कापायची. दोन पट्ट्या आणि मधली फट मिळून पावणेसहा इंच. ५५ मधून ४८ आणि पावणेसहा गेले की सव्वा इंच उरतो, तो दोन्ही भिंतींशी निम्मा-निम्मा, म्हणजे पाच-पाच सूत. (आठ सुतांचा एक इंच, आम्ही अजून सुतातच बोलतो.) मला तीन सूत हवे असतात, पाच म्हणजे थोडे जास्त. तरी धड पट्टी आणि पाच सुतांची फट हे मी चिरलेल्या पट्टीपेक्षा केव्हाही पसंत करतो. जास्त वाटलीच तर कुंड्यांच्या बाजूला बारीक गोटे भरता येतात.

हे जमतं ते सगळ्या पट्ट्या एकाच दिशेनं लावल्या तर. पुष्कळांना एक आडवी, एक उभी अशी बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी आवडते. दिसते छान, पण शेवटच्या ओळीत मग दर दुसऱ्या टाइलच्या पट्ट्या आडव्या कापाव्या लागतात आणि कापलेलं टोक भिंतीकडे अधांतरी राहतं. जाळीचे पाय तिथे उरलेले नसतात. त्या टोकावर पाय पडला की पट्टी झोपाळते. त्यावर उपाय आहे. जाळी कापताना पायांची एक ओळ आत राखायची, आणि ते शक्य नसेल तर उरलेल्या जाळीतले पाय कापून पट्टीखाली स्क्रूनं बसवायचे. वेळ दुप्पट लागतो. मी गिऱ्हाइकाला दोन्ही मांडून दाखवतो आणि अरुंद गॅलरीत एकाच दिशेचा आग्रह धरतो. पट्ट्या पाण्याच्या ढाळाकडे धावतील अशा लावल्या तर केरकचराही झाडूनं सरळ निघतो.

भिंत वाकडी असली तर पट्टीच्या कडेवर तिचा वाकडेपणा उतरवायला माझ्याकडे एक जुनी युक्ती आहे. टाइल भिंतीला टेकवून ठेवायची, हव्या त्या रुंदीचा एक वायसर घ्यायचा, त्याच्या भोकात पेन्सिलीचं टोक घालायचं आणि वायसर भिंतीवरून गडगडवत न्यायचा. भिंतीचा प्रत्येक फुगवटा लाकडावर उमटतो आणि फटही सगळीकडे सारखी राहते. पाइपासाठी पुठ्ठ्याचा साचा करतो. आधी पुठ्ठा कापून पाइपाला लावून बघायचा, मग लाकूड. पाइप असेल त्या टाइलला पाइपापेक्षा पाऊण इंच मोठं भोक आणि भोकापासून कडेपर्यंत एक काप, म्हणजे टाइल बाजूनं सरकवून घालता येते. हे सगळं जिगसॉनं होतं. सरळ कापांना मी मायटर सॉ आणि बारीक कार्बाईड दातांचं पातं वापरतो, कारण सागात वाळूसारखे कण असतात आणि साध्या पात्याची धार ते लवकर मारतात. एक गोष्ट मात्र मी माझ्या हाताखालच्या कुणालाही करू देत नाही. शहरात सर्रास दिसतं, फरशी कापायच्या कटरला किंवा ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावायचं, गार्ड काढून टाकायचा आणि एका हातानं चालवायचं. गाठीत दात अडकला की यंत्र उसळून अंगावर येतं. पाच मिनिटं वाचवण्यासाठी बोटं गेलेली माणसं या धंद्यात आहेत. सागाच्या भुशानं काहींचा दम कोंडतो, अंगाला खाज सुटते. तोंडावर रुमाल पुरत नाही, चांगला मास्कच लागतो.

आता त्या फटीबद्दल. अकोल्यात गोरक्षण रोडकडच्या एका घरी मालकांनी मला शेवटची ओळ लावताना थांबवलं.

“भाऊ, भितीले पुरी चिपकून लावा ना. एवढी फट कायले ठेवून राह्यले?”

“दादा, आता चिपकून लावली तं श्रावनात तुमीच म्हनसान, टाइला उचलून राह्यल्या.”

ते ऐकायला तयार होते, म्हणून तिथेच बसून मी त्यांना सगळं सांगितलं. तेच इथे लिहितो.

आपल्याकडचा उन्हाळा साधा नाही. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता, आणि ते सावलीतलं माप. त्या दिवसांत दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. दोन-तीन महिन्यांत पाऊस लागला की तीच ८० च्या वर जाते. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. पट्टीची लांबी त्यानं फारशी बदलत नाही, रुंदी बदलते. पावणेतीन इंची सागाची पट्टी मे ते ऑगस्टमध्ये साधारण मिलिमीटरभर रुंदावते. एका पट्टीचं मिलिमीटर दिसतही नाही. प्रत्येक पट्टीच्या शेजारी पाव इंचाची फट आहे, तिथे ते मावून जातं. पण भिंतीला चिकटवलेल्या शेवटच्या पट्टीला ती फट नसते. ती फुगते तेव्हा शेजारच्या पट्टीला नव्हे, आपल्याच स्क्रूला ढकलते.

खालच्या जाळीचं चक्र वेगळंच आहे. प्लास्टिकला पाण्याचं काही नाही, त्याला ऊन लागतं. हिवाळ्यात पहाटे अकोल्याची गच्ची १० अंशांवर असते आणि मेच्या दुपारी त्याच गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर दहा फूट लांबीची प्लास्टिकची जाळी सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्तच वाढू शकते. त्यातली बरीचशी वाढ कान आणि खाचांमधल्या ढिलाईत जिरते, उरलेली भिंतीकडे सरकते. तिथे जागा नसेल तर फरशी मधोमध उचलली जाते, लॉक तुटतात.

म्हणजे वरचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि खालची जाळी उन्हाळ्यात. एकाच टाइलमध्ये दोन ऋतू आहेत, आणि आपण काम करतो तो दिवस तिसऱ्याच ऋतूतला असतो. डिसेंबरात लावायला घेतलं तर जाळी सगळ्यात आखडलेली असते, तेव्हा मी पूर्ण तीन सूत सोडतो, लांब गच्ची असेल तर चार. मेमध्ये भर उन्हात लावलं तर जाळी आधीच ताणलेली असते; पण लाकूड तेव्हा सगळ्यात कोरडं असतं. म्हणून दोन सुतांच्या खाली मी कधीच जात नाही. जी मंडळी लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची टाइल घेतात, त्यांना वाटतं की आता लाकूडच नाही तर फुगण्याचा प्रश्न मिटला. उलट उन्हानं लांबीत वाढणारा भाग तिच्यात जास्त आहे. तिला तर फट हवीच हवी. आणि मेच्या दुपारी ती सागापेक्षा जास्त पोळते, हे पायाला लगेच कळतं.

गोरक्षण रोडच्या दादांनी तीन सूत मान्य केले. त्यांच्या मुलानं मग विचारलं, फटीत कचरा जाईल त्याचं काय. जाईल. तो काढावाच लागतो, नाहीतर टाइलखालचं पाणी अडतं.

आणि पाणी तर पडणारच, कारण वऱ्हाडातली गच्ची ही नुसती बसायची जागा नाही. जुन्या धाब्याच्या घरांपासून हे चालत आलं आहे. उन्हाळ्यात दिवेलागणीला गच्चीवर पाणी मारायचं, स्लॅब निववायचा आणि मग वर अंथरुणं घालायची. दिवसा तिथेच कुरड्या, पापड, मुगवड्या, सरगुंडे वाळत पडतात. एसी आले तरी हे पुष्कळ घरांत टिकून आहे. त्यामुळे ऐन कोरड्या दिवसांत टाइलवर रोज पाणी पडतं. ते खाली साचलं तर पट्टी खालून ओली आणि वरून वाळलेली राहते, आणि अशी पट्टी कडांनी वर उचलते. लाकूड वाईट म्हणून हे होत नाही, खालचं पाणी गेलं नाही म्हणून होतं. म्हणून टाइल हातात घेण्याआधी मी बादलीभर पाणी ओतून बघतो. पाणी नहाणीकडे जातं की मधे थांबतं? थांबत असेल तर आधी गवंडी बोलावून ढाळ नीट करून घ्या, असं सांगून मी परत येतो. लाकडानं ढाळ झाकता येतो, सुधारता येत नाही.

नहाणीच्या जाळीवरची टाइल मी कधी कापून अडकवत नाही. ती सुटी ठेवतो, चारही कान काढून, दोन बोटांनी उचलेल अशी. मृग लागायच्या आधी ती उचलायची, कडुनिंबाची पानं, धूळ, कापसाचे पुंजके काढायचे आणि नहाणीत पाणी सोडून बघायचं. हे केलं नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी टाइल्सखाली तुंबतं आणि डास होतात. कुलरखाली तर मी टाइल लावतच नाही. मार्च ते जून तिथे थेंब-थेंब पाणी गळत असतं, कितीही चांगलं लाकूड असलं तरी तिथलं आधी काळं पडतं. तेवढा चौकोन मोकळा ठेवून भोवती कडेच्या पट्ट्या नीट बसवल्या की ते दिसायलाही वाईट दिसत नाही.

दर्यापूरकडचं काम असेल तर पाण्याचा आणखी एक पैलू असतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत बोअरचं पाणी खारं आहे. त्या पाण्यानं गच्ची धुतली की पट्ट्यांवर पांढरा थर राहतो आणि साधे लोखंडी स्क्रू गंजून सागाभोवती काळे डाग पडतात. टाइल उलटी करून मी चुंबक लावतो. स्क्रू जोरात ओढला गेला तर ते साधं लोखंड समजायचं आणि तिथे लावण्याआधी ते बदलून स्टेनलेसचे स्क्रू घालायचे. वेळखाऊ आहे, पण खारपाणपट्ट्यात याला पर्याय नाही.

माझ्या मनात घर करून राहिलेलं काम अमरावतीतलं आहे. अचलपूरचा एक जुना वाडा उतरवला. लाकडाचा व्यापारी कड्या-तुळया घेऊन जायला तयार होता, पण घरच्या मुलानं चार कड्या ठेवून घेतल्या. आई आता त्याच्याकडे फ्लॅटमध्ये राहायला आली होती, आणि तिच्या गॅलरीत त्याच लाकडाच्या टाइल्स करून द्याल का, असं त्यानं विचारलं. जुन्या सागासारखं लाकूड नाही. कित्येक दशकं छताखाली राहून ते पुरतं वाळलेलं असतं. पण त्यात खिळे असतात, आत तुटून राहिलेले, वरून न दिसणारे. चुंबक फिरवून एकेक शोधला, गिरमिटानं भोवतीचं लाकूड कोरून काढला, मगच कडी आरामशीनवर नेली. धुरानं काळवंडलेला वरचा थर रंध्याखाली गेला आणि आतून मधासारखा रंग निघाला. पट्ट्या पाडल्या, विकत आणलेल्या जाळ्यांवर खालून स्क्रूनं बसवल्या.

आजी काठी घेऊन चालायच्या. त्यामुळे इथे फटीचा विचार उलट बाजूनंही करावा लागला. भिंतीपाशी तीन सूत हवेच होते, पण पट्ट्यांमधली फट पाव इंचापेक्षा मोठी चालली नसती. काठीचं रबरी टोक अडकायला नको, खुर्चीचा पाय रुतायला नको. शिवाय दारापाशी उंबऱ्याची उंची मोजली. टाइलनं गॅलरी इंचभर वर येते. पायरी जेमतेम अर्ध्या इंचाची उरली तर म्हातारं माणूस तिथेच ठेचकाळतं, कारण ती पायरी दिसत नाही. दारापाशी मी कडेची उतरती पट्टी बसवली, लाकूड तासून शून्यावर आणलेली. रेलिंगची उंचीही तेवढ्यानं कमी होते, घरात लहान मुलं असतील तर तेही आधी मोजावं.

काम झाल्यावर आजी बाहेर आल्या. आधी काठीनं पट्ट्या टोकरून पाहिल्या, मग वाकायचा प्रयत्न केला, ते जमेना म्हणून मुलानं एक सुटी टाइल उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. खिळा काढलेल्या जागी मी सागाची गुटी ठोकली होती, तिथे बोट थांबलं.

“हे तं माह्या घरचं लाकूड हाय बाप्पा. इथं झुला होता.”

मला ते माहीत नव्हतं. त्या कडीत इतके जाड खिळे का होते, ते तेव्हा कळलं.

“आजी, चालून पाहा,” मी म्हटलं.

“पाह्यतो ना,” म्हणून त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, आणि परत येताना काठी बगलेत धरली होती. मुलगा घाईघाईनं धरायला गेला तर त्याला त्यांनी रागावलं. मग मला म्हणाल्या, भिंतीकडची जागा राहिली. मी सांगितलं, ती पावसाळ्यासाठी ठेवली आहे. त्यांनी लगेच मान हलवली. वाड्याच्या दारांच्या फळ्या श्रावणात बसत नसत, हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती.

कापलेल्या टोकांबद्दल एक राहिलं. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकातून. कारखान्यातून आलेल्या टाइलच्या सगळ्या बाजूंना तेल लावलेलं असतं. आपण काप घेतला की ते संरक्षण गेलं. म्हणून प्रत्येक कापावर, अगदी पाइपाच्या भोकाच्या आतल्या कडेलाही, मी तेल पाजतो. आपल्याकडे जवस पिकतो, जवसाचं तेल मिळतं. लाकडासाठी लवकर वाळणारं, उकळलेलं म्हणून विकतात ते घ्यायचं. टोक पीत राहील तोवर लावायचं आणि वर राहिलेलं पुसून काढायचं. ते पुसलेलं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर ही जोखीम नकोच. फडकी पाण्यात बुडवून ठेवायची किंवा एकेक पसरून वाळवायची. मी कामगारांना कामाच्या पहिल्या दिवशी करवतीआधी हे शिकवतो. ऊन लागून साग हळूहळू करडा पडतो, त्याला घाबरायचं कारण नाही. ज्यांना मूळचा रंग हवा त्यांनी दिवाळीनंतर, लाकूड वाळलेलं आणि ऊन बेताचं असताना, वर्षातून एकदा तेल लावावं.

दोन शहरांमध्ये सामान न्यायचं तर पूर्वी रस्त्याचीच काळजी असायची. वडिलांच्या पिढीतली माणसं अवजारांची पेटी घेऊन अचलपूरहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला रेल्वेनं जायची, ती १९१३ ची नॅरोगेज; पुढे मोठी गाडी. मी टेम्पोनं नेतो. खड्ड्यांमधून नेताना थप्पीतल्या खालच्या टाइल्सचे कान तुटायचे, कान तुटलेली टाइल मग कापायच्या ओळीत वापरायची. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला, तेव्हा बातमी वाचून मला सगळ्यात आधी टाइल्सचे कान आठवले. आता तुटतात कमी. तरीही लागणाऱ्या टाइल्सपेक्षा दहा टक्के जास्त मागवा, असंच मी सांगतो, आणि उरलेल्या टाकून देऊ नका. काही वर्षांनी तोच रंग, तेच कान मिळत नाहीत. कंपनी बदलली की खाचेचं मापही बदलतं.

सध्या अकोल्यात जठारपेठेतलं एक घर माझ्या पुढ्यात आहे. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे बंगल्याला अर्धगोल गॅलरी काढायची पद्धत होती, तशी तिथे आहे. गोल कडेला टाइल्स कापायच्या म्हणजे आधी अख्ख्या टाइल्स कडेबाहेर जातील अशा मांडायच्या, गोलाचा मध्य शोधून तिथे खिळा धरायचा, दोरीला पेन्सिल बांधून रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या तीन सूत आतून जिगसॉ चालवायचा. कापलेल्या प्रत्येक टोकाखाली जाळीचे पाय पोहोचणार नाहीत, तिथे ते वेगळे बसवावे लागतील. पट्ट्या दाराला समांतर ठेवाव्या की दारातून बाहेर धावणाऱ्या, यावर मालक आणि मी अजून बोलतो आहोत. दाराला समांतर ठेवल्या तर दोन्ही टोकांना बारीक चिपा निघतात. बाहेर धावणाऱ्या ठेवल्या तर रेलिंगपाशी प्रत्येक पट्टी आडवी कापावी लागेल, टोकं जास्त, तेल जास्त. माझा कल दुसऱ्या मांडणीकडे आहे. पण बादलीचं पाणी ओतून पाहिलं तेव्हा ते गोलाच्या मधोमध थांबलं, नहाणी डाव्या कोपऱ्यात. गवंड्याला मी जागा दाखवून आलो आहे. मालकांना म्हटलं, त्याचं काम होऊ द्या, एक-दोन जोराचे पाऊस पडू द्या, पाणी कुठून वाहतं ते तुम्हीच बघा आणि मला फोन करा. टाइल्स त्यानंतर मागवू.